व्यंगचित्र, निवडणूक आणि गिरगावचा मतदार



व्यंगचित्रावर बोलण्यासाठी चित्रकाराला न बोलावता कामगार संघटनेतल्या माणसाला का बोलावले, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. मलाही तो पडला. मी चित्रकार नाही आणि इतिहासाचा प्राध्यापकही नाही. माझी शाळा दहावीला सुटली; पुढचे शिक्षण छापखान्यात, ग्रंथसंग्रहालयात आणि कारखान्यांच्या फाटकांवर झाले. परंतु व्यंगचित्राशी माझे नाते घरातले आहे. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, गिरगावातल्या एका लहान छापखान्यात खिळे जुळवीत. ते १९५५ साली, सतराव्या वर्षी, त्या नोकरीला लागले आणि संयुक्त महाराष्ट्राचा सगळा काळ त्यांनी शाईने भरलेल्या हातांनी पाहिला.

छापखान्यातली एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे, कारण पुढचा पुष्कळसा इतिहास तिच्यावर उभा आहे. त्या काळी छायाचित्र छापायचे तर जाळीचा ब्लॉक करावा लागे. तो महाग पडे, आणि हलक्या कागदावर छापला तर पुढाऱ्याच्या तोंडाला काळे फासल्यासारखे दिसे. रेषेच्या चित्राचे तसे नव्हते. जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने रेषा उठवायची, पत्रा लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकायचा आणि खिळ्यांच्या शेजारी बसवून द्यायचा. रद्दीच्या मोलाच्या कागदावरही ते चित्र स्वच्छ उठे. गरीब पत्राला परवडणारे आणि गरीब वाचकाला समजणारे चित्र म्हणजे व्यंगचित्र, हा त्याचा पहिला गुण.

दुसरा गुण निवडणुकीशी जोडलेला आहे. १९५२ आणि १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकांत मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याच्या निशाणीचे चित्र. मतदाराने आपली मतपत्रिका हव्या त्या चित्राच्या पेटीत टाकायची. शिक्क्याची पद्धत १९६२ च्या निवडणुकीत आली. सांगण्याचा मुद्दा असा की, या देशातल्या कोट्यवधी माणसांनी लोकशाहीचे पहिले अक्षर वाचले ते चित्राचे होते: बैलजोडी, झोपडी, पणती, हत्ती, कणीस-विळा. अशा देशात व्यंगचित्रकाराला राजकारणात मान मिळाला नसता तरच नवल.

आता मूळ प्रश्न. व्यंगचित्राने निवडणूक जिंकता येते काय? ज्याला लोक हसतात त्याला लोक पाडतातच काय? गिरगावच्या परिसरातल्या निवडणुका या प्रश्नाचे चांगले उत्तर देतात. आणि ते उत्तर आपण धरून चालतो तसे नाही.

२० नोव्हेंबर १९५५ रोजी येथूनच हाकेच्या अंतरावर, चौपाटीवर, काँग्रेसची सभा झाली. पाच हजार वर्षे मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, असे स. का. पाटील बोलले, काँग्रेस जिवंत असेपर्यंत ती मिळणार नाही, असे मोरारजी देसाई बोलले. सभा उधळली गेली. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. पुढच्या आंदोलनात माणसे पडतच गेली आणि १०६ हुतात्म्यांची नावे महाराष्ट्राच्या इतिहासात कोरली गेली.

माणसे मरत असताना शहर हसते कसे, असे कोणी विचारील. परंतु ते हसले, आणि त्या हसण्याने त्याला धीर आला. आचार्य अत्र्यांचे ‘नवयुग’ साप्ताहिक होते, १९५६ च्या नोव्हेंबरात ‘मराठा’ दैनिक निघाले. स. का. पाटलांना अत्र्यांनी ‘सदोबा’ करून टाकले. याच काळात एक तिशीचा चित्रकार ‘मावळा’ या टोपणनावाने व्यंगचित्रे काढीत होता. दिवसा तो ‘फ्री प्रेस जर्नल’ या इंग्रजी पत्रात नोकरी करी. त्याचे नाव बाळ केशव ठाकरे, प्रबोधनकारांचे चिरंजीव. इंग्रज व्यंगचित्रकार डेव्हिड लो हा त्यांचा आदर्श. ज्याची चित्रे हिटलरच्या सरकारला इतकी झोंबली की लंडनपर्यंत तक्रार गेली, तोच हा लो. ठाकऱ्यांची रेषा कुंचल्याची, जाड, ठाम. दादा म्हणत, “त्यांच्या चित्राचा ब्लॉक कधी बिघडायचा नाही. बारीक रेषा भरून यायच्या, त्यांची रेषा भरून यायला जागाच नसे.”

१९५७ ची निवडणूक आली. दादा एकोणीस वर्षांचे होते. मताचे वय तेव्हा एकवीस होते, म्हणून त्यांना मत नव्हते. पण पत्रके त्यांनी सगळ्यांची छापली. सकाळी काँग्रेसचे, दुपारी समितीचे, एकाच यंत्रावर. निकाल लागले तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसची दाणादाण उडवली. मध्य मुंबईतून कॉम्रेड डांगे लोकसभेवर गेले. दादरमधून अत्रे विधानसभेत गेले. आणि दक्षिण मुंबईतून, म्हणजे आपल्या गिरगावच्या मतदारसंघातून, कोण निवडून आले? स. का. पाटील!

ज्यांच्यावर दोन वर्षे अखंड हसण्याचा मारा झाला, तेच निवडून आले. १९६२ साली पुन्हा आले.

हे केवळ आपल्याकडेच झाले असे नाही. न्यूयॉर्क शहरात गेल्याच्या मागच्या शतकात ट्वीड नावाचा एक पुढारी होता. शहराचा कारभार त्याच्या मुठीत आणि शहराची तिजोरी त्याच्या टोळीच्या खिशात. थॉमस नॅस्ट या व्यंगचित्रकाराने १८७१ साली त्याच्यावर चित्रांचा भडिमार केला. माझ्या मतदारांना वाचता येत नाही, पण चित्रे तर दिसतात, असे म्हणून ट्वीड चडफडला अशी गोष्ट सांगतात. त्या साली निवडणुकीत ट्वीडची टोळी पडली. ट्वीड स्वतः मात्र आपल्या वस्तीतून निवडून आला! पुढे तो तुरुंगातून पळाला आणि १८७६ साली स्पेनमध्ये सापडला, तो नॅस्टच्या चित्रावरून ओळखून. म्हणजे व्यंगचित्राने त्याला पकडून दिले, पण त्याच्या घरच्या मतदारांनी त्याला पाडले नाही.

पाटील ट्वीडसारखे होते असे मला म्हणायचे नाही. ते मुंबईचे तीन वेळा महापौर झालेले, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग भोगलेले पुढारी होते. साम्य आहे ते मतांच्या हिशेबात. दक्षिण मुंबईत गिरगावाबरोबर व्यापारी पेठा होत्या, अनेक भाषांची वस्ती होती. गिरगाव ज्या चित्राला हसे, त्या चित्राला भुलेश्वर हसेच असे नव्हते. शिवाय पाटलांच्या मागे वाड्यावाड्यांतून काम करणारी, वर्षानुवर्षे बांधलेली यंत्रणा होती. चित्राने माणूस हसतो. परंतु मतदानाच्या दिवशी त्याला घरातून बाहेर काढायला दुसरा माणूस दारात यावा लागतो.

ही गोष्ट दोघांना नेमकी कळली, असे मला वाटते. त्यातले एक स्वतः व्यंगचित्रकार होते आणि दुसरे माझ्यासारखे कामगार संघटनेतले.

दुसऱ्याची हकीकत आधी सांगतो. जॉर्ज फर्नांडिस मंगळूरहून मुंबईत आले तेव्हा त्यांना राहायला जागा नव्हती. चौपाटीच्या बाकांवर आपण झोपत असू आणि मध्यरात्री पोलीस येऊन उठवीत, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. गोदी कामगारांचे पुढारी प्लॅसिड डिमेलो यांच्या हाताखाली ते तयार झाले. महापालिकेचे कामगार, टॅक्सीवाले, हॉटेलातली पोरे यांच्या संघटना त्यांनी बांधल्या. १९६१ साली ते महापालिकेत निवडून गेले. आणि १९६७ साली दक्षिण मुंबईतून स. का. पाटलांसमोर उभे राहिले. पाटील तेव्हा रेल्वेमंत्री होते. मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणूनच त्यांना ओळखीत. आपल्याला परमेश्वरही पाडू शकणार नाही, अशा अर्थाचे उद्गार त्यांच्या तोंडून गेले. जॉर्ज यांच्या माणसांनी ते भिंतीभिंतीवर लावले आणि खाली मतदाराला सांगितले की, परमेश्वराला जमत नसेल, तुम्हाला जमेल.

त्या फलकात वाकडे नाक नव्हते की मोठे पोट नव्हते, पण माझ्या मते ते त्या निवडणुकीतले सर्वांत चांगले व्यंगचित्र होते. पाटलांचेच वाक्य त्यांच्यासमोर आरशासारखे धरले होते, आणि शेवटचा शब्द मतदाराला दिला होता. परंतु त्या फलकाच्या मागे हजारो पाय होते. दादांनी आपले पहिले लोकसभेचे मत १९६२ साली दिले होते. १९६७ चे दुसरे. ते ‘मार्मिक’चे नियमित वाचक. आमच्या चाळीत ‘मार्मिक’चा एक अंक वीस खोल्यांतून फिरे आणि शेवटी दादांकडे येई, कारण ते चित्रे कापून ठेवीत. त्या वेळी ‘मार्मिक’चा सगळा रोख दक्षिणेकडून येऊन मुंबईत नोकऱ्या धरणाऱ्यांवर होता. आणि तरीही दादांनी मत दिले मंगळूरच्या जॉर्ज फर्नांडिसांना.

मी त्यांना विचारले, “असं कसं?”

ते म्हणाले, “अरे, मत मागायला तिसऱ्या मजल्यावर कोण आलं? कोपऱ्यावरच्या उडप्याच्या हॉटेलातला पोऱ्या. दिवसभर कपबशा विसळून रात्री चिठ्ठ्या वाटत होता. मराठी मोडकं, पण माझं नाव यादीत कुठल्या पानावर आहे ते त्याला पाठ होतं.”

पाटील पडले. ‘जायंट किलर’ हे बिरुद जॉर्ज यांना त्या निकालाने मिळाले आणि ते जन्मभर राहिले.

आता व्यंगचित्रकाराकडे वळतो. १३ ऑगस्ट १९६० रोजी बाळ ठाकरे आणि त्यांचे बंधू श्रीकांत ठाकरे यांनी ‘मार्मिक’ सुरू केले. व्यंगचित्रांना वाहिलेले हे मराठी साप्ताहिक. नाव प्रबोधनकारांनी सुचवलेले. प्रकाशन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झाले. आंदोलनात ज्यांच्यावर टीकेची झोड उठली, त्याच यशवंतरावांनी व्यंगचित्रांच्या पत्राचे नारळ फोडावे, ही त्या काळच्या महाराष्ट्राची शोभा होती. आरंभी ‘मार्मिक’ सर्वांनाच चिमटे काढी. मग त्याची नजर एका प्रश्नावर स्थिर झाली: मुंबई महाराष्ट्राला मिळाली, परंतु मराठी मुलाला मुंबईत नोकरी कोठे आहे? कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली छापून येऊ लागल्या.

प्रश्न खरा होता. तो खोटा होता असे आमच्या संघटनेतले जुने लोक म्हणत; ते चूक होते. मॅट्रिक होऊन टंकलेखन शिकलेला गिरगावचा मुलगा अर्ज करून थकत होता, ही गोष्ट प्रत्येक चाळीला ठाऊक होती. ‘थंड बसा’ म्हणणाऱ्या संपादकाच्या कचेरीत तरुणांची रीघ लागली, आणि १९ जून १९६६ रोजी शिवसेना जन्माला आली. ३० ऑक्टोबरला शिवाजी पार्कवर तिचा पहिला मेळावा झाला. १९६७ च्या निवडणुकीत ईशान्य मुंबईतून कृष्ण मेनन अपक्ष उभे होते; ठाकऱ्यांनी त्यांच्या विरोधात काँग्रेसचे स. गो. बर्वे यांची बाजू घेतली, आणि बर्वे निवडून आले. १९६८ साली मुंबई महापालिकेच्या १४० जागांपैकी ४२ जागा शिवसेनेने जिंकल्या. चित्रांचे साप्ताहिक निघाल्यापासून अवघ्या आठ वर्षांत! ज्या देशातून आपण ही कला घेतली, त्या इंग्लंडातही व्यंगचित्रकाराने पक्ष काढून शहर काबीज केल्याचे मी वाचलेले नाही.

यात ठाकऱ्यांची कर्तबगारी कोणती? ती केवळ चित्रात नव्हती. चित्राला शाखा जोडली, यात ती होती. गल्लीच्या तोंडाशी एक खोली, बाहेर फळा, आत चार तरुण. नळाचे पाणी आले नाही तरी तेथे जायचे, घरात मयत झाली तरी तेथे जायचे. दारात येणारा माणूस लागतो, हे १९५७ च्या निकालाने सांगितलेले सत्य त्यांनी पुरते ओळखले होते.

आणि आम्ही? संघटना आमच्याकडे होती, पण हसणे आम्ही गमावले होते. एके काळी तेही होते. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा मालक, सावकार आणि पुढारी यांना तमाशाच्या फडावर उभे करून कामगार पोट धरून हसत. साठच्या दशकात आमची पत्रके महागाई भत्त्याच्या कोष्टकांनी भरली. कोष्टके खरी होती, आवश्यकही होती; पण चाळीतल्या वीस खोल्यांतून ती फिरत नव्हती. गिरणीत लाल बावटा आणि वस्तीत भगवा, अशी कामगाराची वाटणी झाली ती या पोकळीत. पुढचे दिवस वाईट होते. १९६७ च्या डिसेंबरात परळच्या दळवी बिल्डिंगमधील गिरणी कामगार युनियनच्या कचेरीवर हल्ला झाला. ५ जून १९७० रोजी कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांचा पराभव करून वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले.

येथे मला व्यंगचित्राबद्दल एक भेद सांगायचा आहे. ‘मावळा’ने चौपाटीवरच्या पुढाऱ्याला काढले, ते त्याने जे केले आणि जे बोलला त्याबद्दल. तो आपले बोलणे मागे घेऊ शकत होता. परंतु लुंगीवाला म्हणून ज्याला काढले, त्याने काय मागे घ्यावे? त्याची लुंगी त्याने कोणावर लादली नव्हती, आणि त्याची भाषा त्याला आईने दिली होती. नोकऱ्या देणारे होते ते मालक. चित्रात आला तो नोकर. मालकाच्या नावापेक्षा शेजाऱ्याचा चेहरा काढणे सोपे असते, कारण तो रोज दिसतो.

हे मी उंचावर बसून सांगत नाही. हीच चूक माझ्या हातून घडलेली आहे. सुमारे १९९६ ची गोष्ट. एका कारखान्यात युनियनच्या समितीची निवडणूक होती. माझ्या विरोधात एक वयस्क कामगार उभा होता. त्याचा पाय यंत्रात सापडून अधू झाला होता. आमच्यातल्या एका मुलाचा हात चित्रकलेत चांगला होता. मी त्याला सांगून चित्र काढवले: काठी टेकीत तो साहेबाच्या केबिनकडे निघाला आहे. ते चित्र फाटकावर लागले. तीनही पाळ्या हसल्या. मी मोठ्या मतांनी निवडून आलो.

वर्षभराने कंपनीने त्याच्या खात्यातले काम बाहेर ठेकेदाराला द्यायचे ठरवले. ते अडवायचे तर त्या खात्याने बाहेर पडणे अवश्य होते. मी त्याच्याकडे गेलो. तो रागावला नाही. म्हणाला, “चित्र छान होतं हो. माझ्या मुलीनंही पाहिलं.” एवढे बोलून तो कामाला लागला. ते खाते बाहेर पडले नाही आणि काम गेले. ज्या यंत्राला संरक्षक जाळी बसवा म्हणून आमची संघटना भांडत होती, त्याच यंत्राने त्याचा पाय घेतला होता. त्या पायावर मी मते मिळवली होती.

व्यंगचित्रकाराची दुसरी वाट आर. के. लक्ष्मण यांची. ते काही काळ ‘फ्री प्रेस’मध्येच होते. १९५१ पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्यांनी चौकटीचा कोट आणि धोतर घातलेला एक सामान्य माणूस उभा केला, पन्नास वर्षे तो पाहत राहिला आणि एक शब्द बोलला नाही. तो कोणत्याही पक्षाचा झाला नाही, म्हणून सर्व पक्षांना त्याची लाज वाटे. परंतु कामगार संघटनेचा माणूस म्हणून माझी त्याच्याबद्दल एक तक्रार आहे: तो कधी रस्त्यावर उतरलाही नाही. त्याने सगळे पाहिले, सगळे जाणले आणि तो घरी गेला. ठाकऱ्यांच्या वाचकाला कोणीतरी सभेला बोलावले. लक्ष्मण यांच्या वाचकाला कोणी बोलावले नाही. व्यंगचित्रकाराने बोलवावे अशी माझी अपेक्षाही नाही. त्याचे काम भीती घालवण्याचे. १९७५ च्या डिसेंबरात, आणीबाणीत, राष्ट्रपती न्हाणीच्या टबात बसून वटहुकुमावर सही करीत आहेत, असे चित्र अबू अब्राहम यांनी काढले. त्या एका चित्राने सरकार पडले नाही. परंतु ते पाहणाऱ्याला कळले की आपण एकटेच असे समजत नाही. सव्वा वर्षाने मतदानाच्या दिवशी ही जाणीव उपयोगी पडली.

आता जस्ताचे ठोकळे गेले, दादांचा छापखानाही गेला. निवडणुकीतली चित्रे हातातल्या फोनवर येतात. जुन्या चित्राखाली चित्रकाराची सही असे आणि पत्रकाखाली मुद्रक-प्रकाशकाचे नाव. निवडणुकीच्या पत्रकावर ते छापलेच पाहिजे असा कायदा १९६१ पासून आहे. दादा ती ओळ आधी जुळवीत, मजकूर नंतर. आज फिरणाऱ्या चित्रांपैकी कितीकांच्या खाली कोणाचेही नाव नसते.

पुढच्या निवडणुकीत असे चित्र आपल्याकडे येईल, आणि आपण हसाल, हसावेच. मात्र ते पुढे धाडण्यापूर्वी एवढेच पाहावे, की आपण हसलो ते त्या माणसाने केलेल्या कृत्याला, की त्याच्या पायाला, भाषेला, लुंगीला. आणि हसून झाल्यावर मतदानाच्या दिवशी शेजारच्या खोलीचे दार ठोठवावे.

दादांनी कापून ठेवलेली ‘मार्मिक’ची चित्रे अजून माझ्याकडे आहेत. त्याच पाकिटात १९६७ ची मतदाराची चिठ्ठी आहे. दोन्ही त्यांनी एकत्र ठेवली होती, आणि मीही ती वेगळी केलेली नाहीत.